बंब कण्हतो तेव्हा

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र हाती आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझ्याबरोबरच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी शिक्षक झाले, कुणी प्रशासनात गेले, कुणी परिचारिका म्हणून खेड्यापाड्यांत सेवा करीत आहेत. त्यांच्या लेखणीतून समाजाला उपयोगी पडेल असे काही उतरेल. माझे काम मात्र असे, की ते थोडक्यात सांगितले तरी ऐकणाऱ्याला जांभई येते. एका बाजूला तापलेला वायू, दुसऱ्या बाजूला उकळणारे पाणी आणि दोहोंच्या मध्ये पोलादाची एक पातळ भिंत. त्या भिंतीतून किती उष्णता पलीकडे जाईल, याचा हिशेब मी संगणकावर मांडते. अभियांत्रिकीच्या भाषेत याला सदृशीकरण म्हणतात. आम्ही कामावर सरळ सिम्युलेशन म्हणतो. परंतु विचार करता लक्षात आले, की या कामाचा पहिला धडा मला याच शाळेच्या आवारात मिळाला होता, आणि तो मी एकदा विसरले तेव्हा त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागली. या दोन्ही गोष्टी येथे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी सरली की संसार बैलगाडीत भरून ते कारखान्याच्या वाटेला लागत आणि मी वसतिगृहात परत येई. त्या दिवसांत थंडी पडू लागलेली असे. मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या अंगणात तांब्याचे दोन मोठे बंब होते. पहाटे चार वाजता आमच्या मावशी येऊन ते पेटवीत. वंदनेची घंटा होण्यापूर्वी साऱ्या मुलींच्या आंघोळी उरकल्या पाहिजेत, ही त्यांची जबाबदारी होती. लाकडे फोडून आणण्याची आमची पाळी असे. मला ती पाळी आवडे, कारण बंबापाशी ऊब असे आणि घरच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलेच, तर ते धुरामुळे आले असे म्हणता येई.

आजच्या विद्यार्थ्यांनी बंब कदाचित पाहिला नसेल, म्हणून थोडे सांगते. बंब म्हणजे तांब्याचे उभे, गोल भांडे. त्याच्या पोटातून खालपासून वरपर्यंत एक रुंद नळी गेलेली असते. नळीच्या तळाशी जाळी असते. तिच्यावर ढलप्या, गोवऱ्या पेटवायच्या. जाळातून निघालेले गरम वायू नळीतून वर चढतात आणि वरच्या तोंडातून बाहेर पडतात. नळीच्या भोवती पाणी असते. वायू आतून, पाणी बाहेरून आणि मध्ये तांब्याची भिंत. कारखान्यातला लाखो रुपयांचा धूरनळी बॉयलर उघडून पाहिला तर त्याच्या पोटातही हीच रचना दिसते. फरक एवढाच, की तेथे एका नळीऐवजी शेकडो नळ्या असतात आणि पाणी दाबाखाली असते.

मावशींना अक्षरओळख नव्हती. पण बंबाच्या बाबतीत त्यांचे तीन नियम होते आणि ते मोडलेले त्यांना खपत नसे. पहिला नियम, पाणी भरल्याशिवाय जाळ करायचा नाही. आमच्या एका बंबाच्या नळीची तळाशी कथिल-शिशाच्या डाखाने डागडुजी केलेली होती. पाण्याविना जाळ लागला तर डाख वितळून नळी सुटते, हे त्यांनी एकदा पाहिले होते. दुसरा नियम, दर आठवड्याला नळीतली काजळी काढायची. तिसरा नियम मात्र आम्हांला विचित्र वाटे. शाळेला पाणी बोअरचे होते आणि ते इतके जड, की साबणाला फेस येत नसे. त्या पाण्याचा पांढरा थर नळीला बाहेरून, म्हणजे पाण्याच्या बाजूने, बसत जाई. काही दिवस गेले की पाणी तापताना बंबातून दबका, घोगरा आवाज येऊ लागे. मावशी हात थांबवून ऐकत आणि म्हणत, “पोरी, बंब कण्हाया लागला बघ.” त्या दिवशी दुपारी बंब रिकामा करायचा, झाकण काढायचे आणि लाकडी उलथन्याने थर खरवडून काढायचा. पाहुणे येणार असले की आम्ही मुली चिंच लावून बंब बाहेरून लखलखीत करीत असू आणि शाबासकी मिळवीत असू. आतल्या थराकडे मात्र मावशींशिवाय कुणाचे लक्ष नसे. त्या म्हणत, “बाहीरून घासलं तर लोकायला दिसतं, आतून घासलं तर बंबाला कळतं.” आम्ही हसत असू.

त्याच सुमारास, मी नववीत असताना, विज्ञानाच्या सरांनी वर्गात एक प्रयोग करून दाखविला होता. त्यांनी जाड कागदाची वाटी केली, तिच्यात पाणी घातले आणि ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. पाणी उकळू लागले, वाफा निघू लागल्या. पण कागद जळला नाही. दिव्याच्या ज्योतीत कोरडा कागद धरला तर क्षणात पेट घेतो, मग हा का पेटत नाही? सरांनी विचारले, “कागद कुणाच्या बाजूचा आहे? ज्योतीच्या की पाण्याच्या?” आम्ही गप्प. मग सर म्हणाले, “ज्याच्याशी त्याचे दळणवळण अधिक, त्याच्या बाजूचा.” पाणी उकळते तेव्हा ते शंभर अंशांच्या पुढे जात नाही, एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते आणि ती ते भिंतीकडून ओढून घेत राहते. ज्योत कितीही तापलेली असली तरी तिला कागदाला देता येते थोडे. पाण्याला कागदाकडून घेता येते पुष्कळ. म्हणून कागद पाण्याच्या तापमानाला राहतो.

पुढे अभियांत्रिकीच्या शिक्षणात हेच वाक्य आकड्यांत भेटले. नळीतून वाहणारा गरम वायू आपल्या आणि भिंतीच्या तापमानात एका अंशाचा फरक असला, तर दर चौरस मीटरला साधारण ५० वॅट उष्णता भिंतीला देऊ शकतो. उकळणारे पाणी मात्र तेवढ्याच फरकात सुमारे १०,००० वॅट उचलू शकते. म्हणजे दोहोंत दोनशे पटींचे अंतर. वायू विरळ असतो, त्याच्याजवळ देण्यासारखे थोडे आणि ते भिंतीपर्यंत पोहोचविण्याची त्याची गती मंद. उकळत्या पाण्यात भिंतीवर बुडबुडा धरतो, फुगतो, सुटतो. सुटताना उष्णता घेऊन जातो आणि त्याची जागा घ्यायला थंड पाणी धावून येते. या सगळ्या अडथळ्यांना आम्ही उष्णतेचे रोध म्हणतो. ते एकामागून एक असल्यामुळे त्यांची बेरीज करायची. बेरीज केली की दिसते, एकूण रोधापैकी ९९ टक्के रोध एकट्या वायूचा आहे. पोलाद आणि उकळणारे पाणी मिळून उरलेला एक टक्का. तेव्हा पुष्कळ हिशेबांत पाण्याची बाजू नगण्य म्हणून सोडूनच देतात.

उकळणे ही क्रिया वाटते तितकी साधी नाही, याची जाणीव शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून होती. भाकरी थापण्यापूर्वी तवा तापला का, हे पाहण्यासाठी आपण पाणी शिंपडतो. तवा फार तापलेला असेल तर थेंब लगेच आटत नाही. टणाटण नाचत राहतो. योहान लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ साली तापलेल्या लोखंडी चमच्यावर हेच पाहून त्याचे वर्णन लिहिले. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती उष्णता अडवते. १९३४ साली जपानमधील तोहोकू विद्यापीठातील शिरो नुकियामा यांनी पाण्यात बारीक तार बुडवून ती विजेने तापविली. वीज वाढवीत नेली तसे बुडबुडे वाढले. तारेचे तापमान मात्र फारसे वाढले नाही. मग एका विशिष्ट क्षणी तार अकस्मात वाफेच्या आवरणात सापडे आणि तिचे तापमान एकदम इतके उसळे, की साधी तार वितळूनच जाई. पाण्याच्या बाबतीत, साध्या हवेच्या दाबाला, ही मर्यादा दर चौरस मीटरला सुमारे ११ लाख वॅट इतकी आहे. तिच्या आत राहिले तर उकळणारे पाणी भिंतीचा उत्तम रक्षक असते. ती ओलांडली तर रक्षक जागा सोडून निघून जातो.

आता सिम्युलेशन कसे करतात, ते सांगते. बॉयलरच्या एका नळीचे मनाने शंभर तुकडे करायचे. पहिल्या तुकड्यात वायू किती तापलेला आहे, हे माहीत असते. त्यावरून त्या तुकड्यात भिंतीपलीकडे किती उष्णता गेली, हे काढायचे. तेवढी उष्णता वायूने गमावली, म्हणून दुसऱ्या तुकड्यात तो थोडा निवलेला. असे एकेक पाऊल टाकत शेवटच्या तुकड्यापर्यंत जायचे. पाणी उकळत असल्याने त्याचे तापमान सर्वत्र सारखेच राहते. १० बार दाबाला ते सुमारे १८० अंश असते. त्यामुळे वायूचे पाण्याहून जे अधिक तापमान असते, ते प्रत्येक तुकड्यात ठराविक प्रमाणात घटत जाते, जणू चक्रवाढ व्याजाचे गणित उलटे चालवावे. शेवटी दोन आकडे हाती येतात, वाफ किती तयार होईल आणि धुराड्यातून वायू किती गरम बाहेर पडेल. ज्यांनी काम दिलेले असते, त्यांना बहुधा हे दोनच आकडे हवे असतात. माझ्या पहिल्या काही वर्षांच्या अहवालांत हे दोनच आकडे ठळक अक्षरांत असत.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एका कारखान्याचे काम माझ्याकडे आले. तेथे भट्टीतून सुमारे १,००० अंशांचे वायू बाहेर पडत. ते वाया जाऊ नयेत म्हणून धूरनळी बॉयलरमधून नेऊन त्यांच्यावर वाफ तयार केली जाई. पाणी मृदू करणारे यंत्र काही महिने बिघडलेले होते आणि नळ्यांवर पाण्याच्या बाजूने सुमारे ३ मिलिमीटर थर बसला होता. व्यवस्थापनाचा प्रश्न सरळ होता. बॉयलर आत्ताच बंद करून साफ करावा, की चार महिन्यांनी वार्षिक दुरुस्तीच्या वेळी केला तरी चालेल? आत्ता बंद करायचा तर भट्टीही थांबवावी लागणार होती.

मी हिशेब मांडला. थराची उष्णतावाहकता पोलादाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी धरली आणि तो रोध बेरजेत घातला. उत्तर असे आले: धुराड्याकडचे तापमान २९१ अंशांवरून ३२४ वर जाईल आणि वाफ जेमतेम ५ टक्क्यांनी घटेल. पाण्याच्या बाजूने नुकियामांची मर्यादाही तपासली. माझ्या नळीत सर्वाधिक उष्णता जात होती ती दर चौरस मीटरला सव्वा लाख वॅटच्या आत. मर्यादा तिच्या नऊ पट दूर. मी समाधानाने लिहिले, ‘थरामुळे होणारी घट किरकोळ आहे, वार्षिक दुरुस्तीपर्यंत बॉयलर चालविण्यास हरकत दिसत नाही.’

त्या भेटीत बॉयलरवरचे एक वयस्क परिचर माझ्याबरोबर होते. बॉयलर कायद्याप्रमाणे परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविलेले, तीस वर्षे याच कामात घालविलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. मी वही मिटत असताना ते जवळ येऊन म्हणाले, “मॅडम, पंधरा दिवस झाले, बॉयलर कण्हतोय. पुढच्या तोंडाशी ऐका.”

तो शब्द मी ऐकला. तोच शब्द, जो मी लहानपणी पहाटेच्या अंधारात ऐकला होता. तरीही मी म्हटले, “मामा, पाणी उकळतंय म्हटल्यावर आवाज येणारच.” ते काही बोलले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि गेज ग्लासकडे पाहायला गेले.

सहा आठवड्यांनी रात्रपाळीत पुढच्या तोंडाच्या पत्र्यात, जेथे नळ्यांची टोके बसविलेली असतात, तडे गेले. पाणी आणि वाफ वायूच्या कोठीत घुसली आणि झरोक्यातून बाहेर फुटली. झरोक्यापाशी उभ्या असलेल्या तरुण मदतनिसाचा उजवा हात आणि खांदा भाजला. मामांनी तत्काळ भट्टीचा धूर दुसऱ्या वाटेने वळवला आणि दाब उतरवला, म्हणून गोष्ट तेवढ्यावर थांबली. तो मुलगा दोन महिने रुग्णालयात होता. त्याच्याही घरचे ऊसतोडीला जातात, हे मला त्याला भेटायला गेले तेव्हा समजले. त्याने मला चहा घेऊन जाण्याचा आग्रह केला. मी कोण आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हाही त्याला ते नीटसे उमगले नाही. चौकशीत दोष पाण्याच्या गुणवत्तेवर गेला. माझ्या अहवालाचा उल्लेखही झाला नाही. मला कुणी काही विचारले नाही, आणि हेच मला सर्वांत जड गेले.

मामांची पुन्हा भेट झाली तेव्हा त्यांनी दोष दिला नाही. फक्त म्हणाले, “ताई, तुमच्या कागदात आवाजाचा रकाना नव्हता.”

त्यानंतर मी तोच हिशेब पुन्हा मांडला. या वेळी वेगळा प्रश्न विचारून. पूर्वी मी विचारले होते, एकूण उष्णता किती गेली? आता विचारले, भिंत स्वतः किती तापली? आणि तेही संपूर्ण नळीची सरासरी घेऊन नव्हे, तर नळीच्या अगदी तोंडाशी. तेथे वायू पूर्ण १,००० अंशांचा असतो. शिवाय रुंद कोठीतून अरुंद नळीत शिरताना त्याचा प्रवाह खवळलेला असतो, त्यामुळे तो भिंतीला सरासरीच्या तिप्पट सहज, म्हणजे एका अंशाला १५० वॅट उष्णता देऊ शकतो. नळी स्वच्छ असेल तर इतके असूनही तेथील पोलाद सुमारे २०२ अंशांवर राहते. कारण पोलाद पाण्याच्या बाजूचे असते. आता मध्ये ३ मिलिमीटरचा थर आणा. दर चौरस मीटरला सुमारे ८३,००० वॅट उष्णता त्या थरातून जाऊ पाहते आणि एवढी उष्णता एवढ्या थरातून ढकलायला एकट्या थराच्या दोन बाजूंत २५० अंशांचा फरक पडावा लागतो. पाण्याचे तापमान तर १८० वरून हलत नाही. मग चढायचे कुणी? पोलादाने. ते ४४५ अंशांवर जाते. साध्या बॉयलर पोलादाची ताकद ४०० अंशांच्या पुढे झपाट्याने उतरू लागते.

एकाच थराचे हे दोन परिणाम शेजारी ठेवून पाहावेत. वाफेत घट ५ टक्के. भिंतीच्या तापमानात वाढ २४३ अंश. दोन्ही आकडे बरोबर आहेत. माझ्या पहिल्या हिशेबातही बेरजेची चूक नव्हती. जिच्यावर सारा भार होता, त्या भिंतीची विचारपूस मी केली नव्हती, एवढेच. नुकियामांची मर्यादा दूर होती हेही खरे. पण ती मर्यादा पाणी भिंतीला प्रत्यक्ष भिजवीत असते तेव्हाची. येथे पाणी भिंतीपर्यंत पोहोचतच नव्हते. थराच्या भेगांत अडकलेले पाणी गुदमरत उकळत होते आणि वाफ धक्के देत बाहेर पडत होती. मामांनी ऐकलेला आवाज तोच होता. मावशींनी ऐकलेलाही तोच.

‘नगण्य’ हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते. जे गणतीत धरायचे नाही ते नगण्य. पण कोणत्या गणतीत? एका बेरजेत जे किरकोळ ठरते, तेच दुसऱ्या प्रश्नात सर्वस्व ठरू शकते. आज माझ्या प्रत्येक अहवालाचा पहिला रकाना भिंतीच्या कमाल तापमानाचा असतो. वाफेचा आकडा त्यानंतर येतो. थर शून्य, एक, दोन आणि तीन मिलिमीटर धरून हिशेब चार वेळा करायचा, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. आणि शेवटच्या पानावर एक चौकट असते: ‘बॉयलरवर काम करणाऱ्यांचे निरीक्षण’. सुरुवातीला वरिष्ठांनी विचारले, हे कशासाठी? आता ती चौकट रिकामी राहिली तर तेच विचारतात. त्या कारखान्यात पुढे नळ्यांच्या तोंडांत सिरॅमिकच्या बाह्या, म्हणजे फेरूल, बसविल्या गेल्या. त्यांच्यामुळे खवळलेल्या वायूचा पहिला मारा पोलादावर येत नाही. पाणी मृदू करणारे यंत्र दुरुस्त झाले. तो मुलगा कामावर परतला. त्याच्या हातावरचा डाग मात्र राहिला आहे.

गेल्या हिवाळ्यात मी शाळेत आले होते. आता छपरावर सौर बंब बसले आहेत आणि मुलींना पहाटे लाकडे फोडावी लागत नाहीत, हे पाहून आनंद झाला. जुना बंब कोठाराच्या कोपऱ्यात उभा होता. मावशी आता नाहीत. त्या गेल्यानंतर शेवटची काही वर्षे कुणी तो आतून खरवडला नसावा. मी झाकण काढले. नळीच्या तळाशी थर होता. पर्समधली पट्टी लावून मोजला, ४ मिलिमीटर भरला. आणि तळाचा डाख एका बाजूने वितळून ओघळलेला होता.

त्या रात्री वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून मी बंबाचा हिशेब मांडला. चाळीस लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायचे, तर सुमारे १३४ लाख जूल उष्णता हवी. लाकडाच्या उष्णतेपैकी तीस टक्के पाण्यात उतरली असे धरले, तर प्रत्येक वेळी ३ किलो लाकूड. आमच्या पाळीला दोन बंबांसाठी जेवढ्या ढलप्या लागत, त्याच्याशी हे जुळत होते. मग तळाशी ज्वाळा ८०० अंशांची धरून भिंतीचे तापमान काढले. नळी स्वच्छ असेल आणि पाणी उकळत असेल, तर तांबे शंभरीच्या थोडे वर. चार मिलिमीटर थर असेल तर १८६ अंशांच्या आसपास. कथिल-शिशाचा डाख १८३ अंशांपासून वितळू लागतो.

मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले. हा हिशेब ढोबळ आहे. ज्वाळेचे तापमान थोडे कमीअधिक धरले तर आकडा इकडेतिकडे सरकेल. पण मावशींचा तिसरा नियम नेमका कुठे उभा होता, ते मला त्या रात्री समजले. पाणी तापायला उशीर होतो म्हणून त्या थर काढीत नव्हत्या; तो उशीर तर फारसा जाणवतही नसे. थर वाढला की डाखावर येते, हे त्या जाणून होत्या. आणि ती वेळ आली की बंब कण्हतो, हे त्यांनी ऐकून ठेवले होते. संगणकावर मला जे शिकायला एका मुलाचा हात भाजावा लागला, ते त्यांना कानाने येत होते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या संगणकावर काम कराल. संगणकाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो चोख देतो; न विचारलेल्या प्रश्नाबद्दल तो मौन पाळतो. कोणता प्रश्न विचारायचा राहिला आहे, हे बहुधा त्या भिंतीच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असते. त्याच्या बोलण्यात समीकरण नसेल. एखादा साधा शब्द असेल. तो लिहून घ्या आणि त्याचा अर्थ लागेपर्यंत वही मिटू नका.

पुढच्या सुट्टीत मी शाळेत येणार आहे. नववीच्या वर्गाबरोबर कागदी वाटीचा तो प्रयोग पुन्हा करावा, असे मुख्याध्यापकांना मी कळविले आहे. या वेळी दोन वाट्या करू. एक नुसती, आणि दुसरीच्या तळाला आतून मातीचा जाड थर लावलेली. दोन्हींत सारखेच पाणी, खाली सारखीच ज्योत. कोणत्या वाटीचा कागद आधी काळवंडतो, ते आपण मिळून पाहू. आणि पाणी उकळायला लागले की थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसून ऐकू.